कुसबोळ्याची एकच बस

मंडळाची सर्वसाधारण सभा सचिवांनी बोलवायची असते, आणि सचिव वारले तर नवा सचिव सर्वसाधारण सभेने निवडायचा असतो. कुसबोळे ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या संस्थेच्या घटनेत ही दोन कलमं एकाखाली एक, शेजारधर्म पाळून, वर्षानुवर्षं राहत होती. त्यांच्यात भांडण व्हायची वेळ कधी आली नव्हती, कारण विद्याधर तावडे ऊर्फ तात्या हे सचिव त्याआधी कधी वारले नव्हते. श्रावणात ते वारले आणि मंडळाची वाट लागली.

यावर अध्यक्ष चंद्रप्रकाश राणे यांनी तोड काढली. घाटकोपरला तावड्यांच्या घरी समाचाराला आले असतानाच त्यांनी खिशातून कागद काढून ठराव वाचला : "दिवंगत सचिवांची कन्या श्रुतिका हिला, सभा बोलावणे व जत्रेची बस सोडणे एवढ्यापुरते, सचिव समजण्यात यावे." ठरावाला अनुमोदन हवं होतं. श्रुतिकाच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, चहाचा ट्रे टेकवता टेकवता ते दिलं. मंडळाचा रबरी शिक्का बाबांच्या कपाटात रुमालात गुंडाळलेला होता. तो श्रुतिकाच्या हातात आला, तेव्हा तिला जबाबदारीपेक्षा शाईचा डागच आधी जाणवला.

आता ही बस काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. कुसबोळे हे सिंधुदुर्गातलं गाव. त्याला वाड्या दोन, वरची आणि खालची. गिरण्या बंद पडल्यावर वरच्या वाडीची माणसं परळहून उठून बोरिवलीला गेली आणि खालच्या वाडीची मुलुंडला. दोघांच्या मध्ये अख्खं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातले बिबटे आले. तरी भांडण सुखरूप राहिलं. दर मार्गशीर्षात गावच्या जत्रेला मंडळाची एक बस जाते, आणि त्या बसमध्ये पहिला मान कोणाचा, हे ते भांडण. बाबा सचिव होण्याच्या आदल्या वर्षी ते इतकं पेटलं होतं, की दोन बसेस गेल्या. दोन बसेस म्हणजे दोन जत्रा. पालखीला खांदा आधी कोणी द्यायचा यावरून देव दोन दिवस देवळातच बसून राहिला. वरच्या वाडीची एक लेक खालच्या वाडीत दिलेली होती. ती एका बसने परत आली आणि तिचा नवरा दुसऱ्या. दोघांची गाठ पडायला संक्रांत उजाडली.

त्यानंतर बाबा सचिव झाले आणि बस एकच जायला लागली. कशी, ते कोणी विचारलं नाही. नळाला पाणी येतंय तोवर नळ कसा चालतो हे कोण विचारतं!

इस्पितळात शेवटच्या दिवसांत बाबा फार बोलत नसत. एकदा मात्र श्रुतिकाकडे बघून स्पष्ट म्हणाले, "बस एकच जाऊंदे." तिला ते औषधाचं बोलणं वाटलं. पुढे ठराव झाला तेव्हा कळलं, की ते कामाचं बोलणं होतं. बाबांनी तिच्याकडे जन्मात एवढी एकच गोष्ट मागितली होती. ती पार पाडायची, असं तिने ठरवलं.

या कामासाठी तिच्याइतकी लायक व्यक्ती दोन्ही वाड्यांत नव्हती, असं निदान तिचं मत होतं. अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत ती नोकरीला होती, आणि जगात कुठे दंगा होईल, का होईल आणि काय केलं तर होणार नाही, हे आकड्यांवरून सांगणं हाच तिचा व्यवसाय होता. आधी कारणांचा नकाशा काढायचा : कशामुळे काय होतं, त्याचे बाण. मग गेम थिअरी लावायची : हा असा वागला तर तो कसा वागेल, कोणाच्या पदरात काय पडेल, याचं कोष्टक मांडायचं. त्यातून सरकारांना सल्ला द्यायचा. आफ्रिकेतल्या कुठल्याशा जिल्ह्यात विहिरीवर गुरं आधी कोणाची, यावर तिचा एकशे साठ पानांचा अहवाल होता. सरकारने तो अमलात आणला नव्हता, पण पोच फार सभ्य भाषेत दिली होती.

बाबा तिला दरवर्षी विचारायचे, "मग? यंदा खयचा भांडण मिटवलंस?"

"आम्ही मिटवत नाही, बाबा. होण्याआधी ओळखतो."

"बरां आसा," म्हणून ते पेपर वाचायला लागत. तुम्ही कसं मिटवता, हे तिने कधी उलट विचारलं नव्हतं.

तिने कामाला सुरुवात केली ती शास्त्रशुद्ध. बाबांच्या वहीत दरवर्षीच्या बसची आसनयादी होती. पहिली पानं सव्वीस जुलैच्या पाण्यात गेली होती आणि करोनाची दोन वर्षं बस नव्हती. उरल्या सतरा याद्या. बस पंचेचाळीस आसनांची. वरच्या वाडीची बावीस माणसं, खालच्या वाडीची बावीस. बाबा स्वतःला कोणत्याच वाडीत न मोजता ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या पेटीवर बसायचे. आणि सतराच्या सतरा याद्यांमध्ये एक नंबरापुढे नाव नव्हतं, एक आडवी रेघ होती. श्रुतिकाने त्याची नोंद 'माहिती गहाळ' अशी केली.

"सतरा नोंदींवर काय मॉडेल बांधणार तू?" ऑफिसातला देवेश म्हणाला. "आणि सतराही वर्षं तुझे वडील होतेच. ते नसताना काय होतं याची तुलना कशाशी करणार? कंट्रोल ग्रुप कुठाय तुझा?"

"यंदाचं वर्ष," श्रुतिका म्हणाली.

देवेशने चहाचा कप उचलला, परत ठेवला आणि स्वतःच्या जागेवर गेला.

मग प्रश्नावली. चौतीस प्रश्न, पाच पर्याय. शनिवारी बोरिवली, रविवारी मुलुंड असं करत तिने चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस जणांकडून ती भरून घेतली. चव्वेचाळिसावे गृहस्थ म्हणाले, की समोरच्या वाडीने काय लिहिलंय ते दाखव, मग भरतो. 'विद्याधर तावडे संघर्ष टाळण्यासाठी नेमके काय करत?' या प्रश्नाला एकेचाळीस जणांनी एकच उत्तर लिहिलं होतं : गाऱ्हाणं घालायचे. दिलेल्या पाच पर्यायांत ते बसत नसल्यामुळे तिला ते 'इतर'मध्ये टाकावं लागलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे तिला अर्थातच माहीत होतं. बस निघण्याआधी नारळ हातात धरून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, आणि दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तेरा वर्षांची असताना ती त्या बसने एकदाच गेली होती. पनवेलपासून कशेडीपर्यंत तिला गाडी लागली. परतीच्या गाऱ्हाण्यात बाबांनी देवळासमोर, भर गर्दीत सांगितलं, "आणि ह्या माझ्या चेडवाक गाडी लागता, ता सांभाळून घे रे म्हाराजा!" चव्वेचाळीस माणसं एका आवाजात ओरडली, "व्हय म्हाराजा!" त्यात तिच्याहून दोन वर्षांनी मोठा एक देखणा मुलगाही होता. पुढच्या वर्षीपासून तिची परीक्षा, सर्दी, नोकरी, परिषद असं काही ना काही मार्गशीर्षातच येत गेलं. थोडक्यात, गाऱ्हाण्याच्या परिणामांविषयी तिच्याकडे प्रत्यक्ष अनुभव होता आणि त्यावरून तिने त्याला शून्य गुण दिले होते.

"आई, बाबा निघताना नेमकं काय करायचे गं?"

"काय करणार? नारळ फोडायचे. बडबडायचे."

"त्याचा परिणाम काय व्हायचा?"

"परिणाम?" आईने तिच्याकडे नीट बघितलं. "खोबऱ्याची चटणी व्हायची."

सर्वसाधारण सभा महापालिकेच्या एका शाळेत, दुसरी 'ब'च्या वर्गात भरली. बाकं सात वर्षांच्या मुलांच्या मापाची असल्यामुळे दोन्ही वाड्या गुडघे हनुवटीला लावून बसल्या होत्या. अशा अवस्थेत माणूस भांडू शकत नाही, ही गोष्ट श्रुतिकाने कौतुकाने टिपून ठेवली. भिंतीवर तिने प्रोजेक्टरने भांडणाच्या कारणांचा नकाशा पाडला.

मुलुंडच्या सुगंधाकाकी उठल्या. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. खालच्या वाडीत काकींचा शब्द शेवटचा असे, आणि बहुधा पहिलाही. "बाय, ह्यो बाण मुलुंडाकडे कित्याक दाखवलंस?"

"तो मुलुंडकडे नाही, काकी. तो परिणामाकडे आहे."

"मगे परिणाम मुलुंडाकडे कित्याक?"

श्रुतिकाने परिणाम उचलून बोरिवलीकडे नेला. लगेच चंद्रप्रकाशकाका म्हणाले, "आणि आमचा वर्तुळ खाली कसा काय? आमी वरची वाडी."

शेवटी दोन्ही वर्तुळं एका उंचीवर आणि परिणाम बरोबर मधोमध, राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांपाशी ठेवला, तेव्हा सभा पुढे सरकली.

तिचा तोडगा सोपा होता. "फणस एकाने फोडायचा आणि गरे आधी दुसऱ्याने उचलायचे. म्हणजे फोडणारा झक मारत सारखे वाटे करतो. तसं एका वाडीने पंचेचाळीस आसनांचे दोन वाटे पाडायचे, आणि दुसऱ्या वाडीने त्यातला हवा तो आधी घ्यायचा. कोणावर अन्याय होणं शक्यच नाही. हे गणिताने सिद्ध झालंय."

दोन्ही वाड्यांनी तात्काळ होकार दिला. कुसबोळ्याच्या इतिहासात दोन्ही वाड्यांचं यापूर्वी एकदाच एकमत झालं होतं, दोन बसेस करण्यावर. पण इतिहास हा श्रुतिकाचा विषय नव्हता.

ओली-सुकी झाली आणि वाटे पाडायचं काम बोरिवलीकडे आलं. चंद्रप्रकाशकाका सर्वेअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गोवंडीला बस उभी असते तिथे जाऊन टेप लावला. प्रत्येक आसनाची रुंदी, खिडकीचं अंतर, चाकावरचा उंचवटा आणि 'पाठीत टोचणारे स्प्रिंग (संख्या)' यांचा तक्ता केला. दोन दिवस ते बसमध्ये एकेका जागेवर पाच-पाच मिनिटं डोळे मिटून बसत होते. ड्रायव्हर प्रीतमने श्रुतिकाला फोन केला, "ताई, ते काका बरे आहेत ना? नाही, सत्तावीस नंबरवर बसून ते आत्ता मला म्हणाले, इथे मनाला शांती नाही."

वाटे झाले. याद्यांना 'अ' आणि 'ब' म्हणायला मुलुंडचा विरोध, कारण 'अ' आधी येतो. म्हणून एक गुलाबी कागदावर, एक पिवळ्या. गुलाबीत बावीस आसनं आणि त्यांत एक नंबर. पिवळीत तेवीस आसनं, पण एक नंबर नाही. वाटणी इतकी बिनतोड होती, की श्रुतिकाने ती देवेशला दाखवली आणि देवेशने त्या कागदांचा फोटो काढून घेतला.

आता मुलुंडने फक्त उचलायचं होतं.

"आमी नाय उचलणां," सुगंधाकाकी फोनवर म्हणाल्या.

"का, काकी? तुम्हाला पहिली निवड आहे!"

"ताच. गुलाबी घेतली तर बोरिवली म्हणतली, बघा, एक नंबरावर टपान बसलेली. पिवळी घेतली तर म्हणतली, एक सीट जास्ती मिळाली म्हणान मान विकल्यानी. त्यांका सांग, तुमीच आधी घेवा. आमचो आग्रह आसा."

चंद्रप्रकाशकाकांना हे कळल्यावर ते ताडकन म्हणाले, "आग्रह? आमका? त्यांका म्हणावां, आमचोच आग्रह आसा."

कोकणातला आग्रह हा प्रकार बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. लाठीमाराच्या किंचित अलीकडे तो संपतो. पंधरा दिवस गुलाबी आणि पिवळा कागद बोरिवली-मुलुंड-बोरिवली असा फिरत राहिला. श्रुतिकाने आपलं कोष्टक काढून पुन्हा तपासलं. त्यात तिने धरलं होतं, की दोघांनाही पुढची जागा हवी आहे. आता दिसत होतं, की पुढची जागा कोणालाच नको होती. ती आपल्याला आधी विचारली जावी आणि आपण ती नाकारावी, एवढंच दोघांना हवं होतं. आणि नाकारायची ती सगळ्यांदेखत. असं कोष्टक तिने आयुष्यात कधी सोडवलं नव्हतं. आफ्रिकेतल्या गुरांनी विहिरीवर एकमेकांना आग्रह केल्याचं ऐकिवात नव्हतं.

समोरच्या विमलाबेननी दारात उभं राहून सल्ला दिला, "चिठ्ठी काढ ने, श्रुतिका. छोटी मुलगी बोलाव, डोळे बंद कर, चिठ्ठी काढ. आमच्या महाजनवाडीत असंच करते."

चिठ्ठी काढायचं ठरलं. मुलगी कोणत्या वाडीची, यावर ते बारगळलं.

एवढ्यात लक्षात आलं, की परवानगीचा अर्ज राहिलाय. बस सकाळी तासभर रस्त्यात उभी राहते म्हणून बाबा दरवर्षी पोलीस चौकीत एक अर्ज द्यायचे. त्याची जुनी प्रत होती. 'कार्यक्रमाचे स्वरूप : नारळ. अपेक्षित गर्दी : घरचीच. ध्वनिक्षेपक : गरज पडत नाही.' श्रुतिकाला हे अपुरं वाटलं. तिने अडीच पानांचा अर्ज केला आणि त्यात 'दोन गटांतील संभाव्य संघर्षाचे प्रतिबंधात्मक व्यवस्थापन' असा शब्दप्रयोग केला. साहेबांनी 'दोन गट' आणि 'संघर्ष' एवढंच वाचलं. त्यांच्या जागी कोणीही तेवढंच वाचलं असतं. चार दिवसांनी बोरिवलीत चंद्रप्रकाशकाकांना आणि मुलुंडमध्ये सुगंधाकाकींना शांतता राखण्याची नोटीस मिळाली.

बोरिवलीने मानलं की तक्रार मुलुंडने केली. मुलुंडने मानलं की ती बोरिवलीने केली. काकांनी वेगळ्या बसची चौकशी सुरू केली. काकींनी केलीसुद्धा. दोघांनी विचारलं ते प्रीतमलाच, कारण कुसबोळ्याच्या रस्त्याला दुसरा कोणी ड्रायव्हर तयार होत नाही. प्रीतमने दोघांना सांगितलं, "गाडी माझ्याकडे एकच आहे. ती दोनदा नाही निघणार."

जगातल्या अनेक देशांत शांतता अशाच कारणाने टिकून आहे. पण श्रुतिकाला त्याचं समाधान वाटलं नाही. बस फुटली नव्हती ती केवळ दुसरी मिळाली नाही म्हणून, आणि पुढच्या वर्षी ती मिळाली असती. बाबांनी पंचवीस वर्षं सांभाळलेली गोष्ट तिने तीन महिन्यांत, गणिताच्या मदतीने, इथवर आणली होती. त्या संध्याकाळी ती बाबांच्या कपाटापुढे उभी राहून शिक्का रुमालात गुंडाळत होती. नीट गुंडाळला जाईना. बाबा चार घड्या घालायचे की पाच, ते आठवत नव्हतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला बस तावड्यांच्या फाटकासमोर लागली. बोरिवलीची बावीस माणसं आली आणि फुटपाथच्या डाव्या अंगाला उभी राहिली. मुलुंडची बावीस आली आणि उजव्या अंगाला. नोटिशीमुळे एक हवालदारही आला होता. तो मधोमध उभा राहिला. बसचं दार उघडं होतं. आत दिवा लागलेला होता आणि पंचेचाळीस आसनं रिकामी होती.

कोणीही चढलं नाही.

"चढा ना," प्रीतम म्हणाला.

"त्यांका चढूंदेत आधी," काका म्हणाले.

"छ्या! आधी थोरामोठ्यांनी," काकी म्हणाल्या. काका काकींहून चार महिन्यांनी मोठे होते, आणि हे त्यांना आवडत नसे.

सव्वासहा झाले. साडेसहा झाले. मागे दुधाची गाडी अडकली. श्रुतिका लॅपटॉपची पिशवी खांद्याला, गुलाबी-पिवळे कागद हातात, अशी दाराशी उभी होती. ती स्वतः जाणार नव्हती. फक्त बस सोडायला आली होती.

"दंगा कुठाय, मॅडम?" हवालदाराने हळूच विचारलं. "अर्जात तर दोन गट म्हणालात."

"हाच," श्रुतिका म्हणाली.

हवालदाराने निमूट उभ्या असलेल्या चव्वेचाळीस माणसांकडे आदराने पाहिलं. "दरवर्षी पहिला कोण चढतो?"

"तसं काही नसायचं," प्रीतम वरून म्हणाला. "तात्या गाऱ्हाणं घालायचे, की सगळे धावत चढायचे. एक नंबरवर कोणी बसायचंच नाही."

"का?" श्रुतिकाने विचारलं.

प्रीतमने काकांकडे पाहिलं. काकांनी काकींकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत ते प्रथमच एकमेकांकडे बघत असावेत.

"ता गाऱ्हाण्यात येता," काकी म्हणाल्या. "आधी गाऱ्हाणां होऊंदे."

"घालणार कोण?" काका म्हणाले. "अध्यक्ष म्हणान मी..."

"तू घाल. बघू मुलुंड व्हय म्हणता काय ता."

"मग तू घाल! बायलमाणसान घातलेलां आमच्याकडे..."

"म्हणजे दोघांच्या माणसान घालूक होया," काकी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतला नारळ काढून श्रुतिकाच्या हातात ठेवला. तिच्या हातात कागद होते. ते तिने काखेत धरले.

"मला येत नाही, काकी."

"येवचा काय त्यात? जा आसा ता सांगूचा."

फाटकाशी आई उभी होती. श्रुतिकाने नारळ दोन्ही हातांत धरला. तो वाटला होता त्याहून जड होता, आणि शेंडीला पाणी लागलेलं होतं.

"बा देवा म्हाराजा," ती पुटपुटली.

"व्हय म्हाराजा!"

आवाज एवढा आला, की विमलाबेननी खिडकी उघडली. नोटीस, आग्रह, गुलाबी-पिवळं काही असो, चव्वेचाळीस तोंडांना ती सवय पिढ्यांची होती. श्रुतिका दचकली. मग तिने घसा साफ केला. मालवणी तिला घरापुरती येत होती आणि पुस्तकी मराठी जरुरीपेक्षा जास्त, त्यामुळे पुढचं सगळं दोहोंच्या मिश्रणात झालं. देवाने तक्रार केली नाही.

"आज ही तुझी कुसबोळ्याची लेकरं तुझ्या जत्रेला निघाली आहेत."

"व्हय म्हाराजा!"

"वरच्या वाडीला वाटतंय, पोलिसांत तक्रार खालच्या वाडीने केली."

"व्हय म्हाराजा!" यात डावीकडचा आवाज मोठा होता.

"खालच्या वाडीला वाटतंय, वरच्या वाडीने केली."

"व्हय म्हाराजा!" हा उजवीकडून.

"दोघांनीही केली नव्हती. अर्ज मी केला होता. अडीच पानांचा. तो करायला नको होता."

मग डावीकडून-उजवीकडून एकदम, आणि आतापर्यंतचा सगळ्यात मोठा : "व्हय म्हाराजा!"

हवालदारही म्हणाला. तो साताऱ्याचा होता.

श्रुतिका थांबली. जे फोनवर एकेकाला पटवून पटत नव्हतं, ते आता सगळ्यांना कळलं होतं. सगळ्यांना कळलंय हे प्रत्येकाला कळलं होतं, आणि ते प्रत्येकाने बाकीच्यांदेखत आपल्या तोंडाने कबूल केलं होतं. या एवढ्याशा गोष्टीवर तिच्या टेबलावर तीन जाड पुस्तकं होती. बाबांनी त्यातलं एकदा हातात घेऊन, वजन बघून, परत ठेवलं होतं.

"कोणाच्या हातून काय चूकमाक झाली असेल ती पदरात घे," तिला आता शब्द आपोआप आठवायला लागले, बाबांच्या चालीत, "आणि ही बस... ही बस एकच जाऊंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

तिने नारळ चाकासमोरच्या दगडावर फोडला. दुसऱ्या फटक्याला फुटला. कोणी चढायला हललं नाही.

"एक ऱ्हवलां," चंद्रप्रकाशकाका खाकरून म्हणाले. "तात्याचां शेवटचां."

"कोणतं?"

काका रस्त्याकडे बघत होते. "वीस वर्षां सांगी तो. 'माझ्या चेडवाक गाडी लागता, म्हणान ता येना नाय. पुढल्या वर्षी तिका येवची बुद्धी दी रे म्हाराजा. एक नंबर मी तिच्यासाठी राखून ठेवलंय.' मगे आमी व्हय म्हणायचे आणि चढायचे. एक नंबर तुझो, म्हणान कोणाकच नाय." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत अध्यक्ष झाले. "तर यंदा ता सांगूचां काय? म्हणजे, विषय घेवचो की कसां?"

दुधाच्या गाडीने हॉर्न दिला. कोणीतरी त्याला गप्प बसायची खूण केली.

"नको," श्रुतिका म्हणाली. "घ्यायला नको."

ती वळली आणि दाराची पायरी चढली. एक नंबर दाराच्या लगेच मागे, खिडकीशी होता. ती बसली मात्र, चव्वेचाळीस माणसं, डावी-उजवी न बघता, धक्काबुक्की करत, एकमेकांच्या पिशव्या तुडवत बसमध्ये घुसली. काका सत्तावीसवर बसले. गुलाबी आणि पिवळा कागद खाली रस्त्यावर पडले होते. ते हवालदाराने उचलून, घडी घालून, कारवाईसाठी खिशात ठेवले.

आई खिडकीशी आली. तिच्या हातात एक भरलेली पिशवी होती : दोन साड्या, टूथब्रश, शाल, चार लिंबं.

"तुला ठाऊक होतं?" श्रुतिकाने विचारलं.

"तू विचारलंस कुठे? तू मला परिणाम विचारलास." आईने पिशवी आत दिली. "बाबांची वही बाजूच्या कप्प्यात आहे. यादी लिहायची असते सचिवांनी."

पनवेलपर्यंत ती ठीक होती. पनवेल सोडल्यावर सुगंधाकाकींनी मागून आलेपाक पुढे केला आणि काकांनी लिंबू. गाडी लागण्यावर उत्तम उपाय कोणता, यावर दोन्ही वाड्यांत जुनाच मतभेद होता असं दिसलं. तिने एका हातात हे आणि एका हातात ते घेतलं. बस थांबवावी लागली ती वडखळच्या अलीकडे, आणि आत परत येताना कोणीतरी मागच्या बाकांवरून हलकेच "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळे हसले. तीही.

मग तिने वही काढली. नव्या पानावर वर्ष लिहिलं. दोन ते पंचेचाळीस नावं मागे वळून वळून विचारत भरली. एक नंबरापुढे पेन थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग तिथे रेघेऐवजी तिने आपलं नाव लिहिलं. अक्षर जरा हललं. गाडी चालू होती.